डंजन मास्टरमधली जादूची चिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफटीएल गेम्सचा डंजन मास्टर हा संगणकावरचा खेळ डिसेंबर 1987 मध्ये अटारी एसटीवर आला, पुढच्या वर्षी अमिगावर आणि नंतर इतर संगणकांवर. आजही नवे लोक तो खेळायला घेतात आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: जादूची चिन्हं. ही पानभर माहिती त्यांच्यासाठी आहे. चिन्हांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एवढं लक्षात असू द्या की इथे ‘फुल’ म्हणजे आग, आणि ‘या’ हे सर्वनाम नसून चिन्ह असेल तिथे ते अवतरणात दिलं आहे.

एकूण चिन्हं किती, आणि ती कोणत्या क्रमाने लागतात?

चोवीस. सहा-सहाच्या चार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीतून जास्तीत जास्त एकच चिन्ह घेता येतं.

पहिली ओळ शक्तीची: लो, उम, ऑन, ई, पाल, मॉन. लो सगळ्यात हलकं, मॉन सगळ्यात जड.
दुसरी तत्त्वाची: या, वी, ओह, फुल, देस, झो.
तिसरी रूपाची: वेन, यू, काथ, इर, ब्रो, गोर.
चौथी वर्गाची: कू, रोस, डेन, नेटा, रा, सार.

क्रम मोडता येत नाही, कारण एक चिन्ह निवडलं की पडद्यावर आपोआप पुढची ओळ येते. शक्ती आणि तत्त्व ही दोन चिन्हं प्रत्येक मंत्राला लागतातच. काही मंत्र तिथेच संपतात, काहींना तिसरं लागतं, काहींना चौथंही. शक्तीचं चिन्ह मंत्राचा अर्थ बदलत नाही, फक्त जोर बदलतो. म्हणून मंत्र लिहून ठेवताना किंवा दुसऱ्याला सांगताना ते गाळण्याची पद्धत आहे. ‘फुल इर’ असं कोणी म्हटलं की त्याच्या आधी सहापैकी एक शक्तीचिन्ह आहे असं धरून चालायचं.

प्रत्येक चिन्हाचा ठरलेला अर्थ असतो का?

असतो, पण तो एकट्या चिन्हात शोधला तर हाती थोडंच लागतं. दोन मंत्र शेजारी ठेवले की अर्थ उघडतो.

‘ओह यू रा’ म्हटलं की समोरच्या भिंतीपलीकडचं दिसतं. ‘ओह यू सार’ म्हटलं की तुमची पार्टी, म्हणजे तुमच्या चौघांचा गट, राक्षसांना दिसेनाशी होते. पहिली दोन चिन्हं तीच आहेत, बदललं फक्त शेवटचं. आता दुसरी जोडी घ्या: ‘ओह इर रा’ने उजेड पडतो, ‘देस इर सार’ने अंधार. चारही मंत्र एकत्र वाचले की रा म्हणजे उघड करणारं, उजेडाचं आणि सार म्हणजे झाकणारं, अंधाराचं, हे कोणी न सांगता कळतं.

वेनचंही तसंच. ‘ओह वेन’ म्हणजे विषारी ढग, ‘देस वेन’ म्हणजे विषाचा बाण, ‘झो वेन’ म्हणजे बाटलीतलं विष. तिन्हीकडे वेन आहे आणि तिन्हीकडे विष आहे. वेगळं आहे ते तत्त्व, म्हणजे विष हवेत पसरणार, लक्ष्यावर जाणार की बाटलीत उतरणार.

तत्त्वांपैकी पहिली चार सोपी आहेत: ‘या’ पृथ्वी, वी पाणी, ओह हवा, फुल आग. देस आणि झो मात्र त्यांच्या कामावरूनच ओळखावी लागतात. देस विषबाणात, अंधारात आणि अशरीरी प्राण्यांवरच्या मंत्रात येतं. झो दार उघडतं, विष आणि माना (मंत्रांसाठी खर्च होणारी जादूची ऊर्जा) बाटलीत भरतं आणि शेवटी-शेवटी प्लाझ्मा घडवतं. यादी पाठ करणाऱ्यापेक्षा अशा जोड्या लावणारा खेळाडू या खेळात लवकर पुढे जातो.

मग कोणतीही जोडी लावून नवा मंत्र तयार करता येईल?

नाही. शक्ती सोडून मोजलं तर एकटं तत्त्व 6, तत्त्व आणि रूप 36, आणि तिन्ही मिळून 216, अशा 258 जुळण्या होतात. त्यातल्या 25 चालतात. बाकी सगळ्यांना ‘निरर्थक मंत्र पुटपुटला’ अशा अर्थाचा संदेश येतो, माना जाते आणि अनुभवही मिळत नाही.

तर्क कुठे फसतो तेही सांगायला हवं. ‘फुल इर’ उडणारा आगीचा गोळा आहे, म्हणून ‘या इर’ उडणारा दगड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते सगळ्या पार्टीभोवतीचं संरक्षण आहे. ‘वी इर’ तर नाहीच. ब्रो बहुतेक ठिकाणी पोशन (बाटलीतून प्यायचं जादूचं औषध) बनवतं, पण ‘या ब्रो रोस’ने तुमच्याच पावलांचे ठसे दिसू लागतात आणि ‘फुल ब्रो नेटा’ने आगीपासून संरक्षण मिळतं. या दोन्हींना बाटली लागत नाही. गोर हे चिन्ह तर या खेळातल्या एकाही मंत्रात येत नाही. ते लावून प्रयोग करण्यात माना घालवू नका.

सगळे 25 मंत्र कोणते?

‘या’पासून सुरू होणारे: एकटं ‘या’ दमसास भरून काढणारं पोशन. ‘या इर’ पार्टीचं कवच. ‘या ब्रो’ एका व्यक्तीसाठी कवचाचं पोशन. ‘या ब्रो रोस’ पावलांचे ठसे. ‘या ब्रो डेन’ शहाणपणाचं पोशन, ‘या ब्रो नेटा’ चिवटपणाचं.

वीचे दोनच: वी आरोग्याचं पोशन, ‘वी ब्रो’ विषावरचा उतारा. दोनच असले तरी संपूर्ण खेळात सर्वात जास्त वापर यांचाच होतो.

ओहचे: ‘ओह वेन’ विषारी ढग, ‘ओह यू रा’ भिंतीपलीकडची नजर, ‘ओह यू सार’ अदृश्यता, ‘ओह इर रा’ उजेड, ‘ओह काथ रा’ वीज, ‘ओह ब्रो रोस’ चपळाईचं पोशन.

फुलचे: एकटं फुल मशालीएवढा उजेड, ‘फुल इर’ फायरबॉल, ‘फुल ब्रो कू’ ताकदीचं पोशन, ‘फुल ब्रो नेटा’ अग्निकवच.

देसचे: ‘देस वेन’ विषबाण, ‘देस यू’ अशरीरी प्राण्यांवरचा मारा, ‘देस इर सार’ अंधार.

झोचे: एकटं झो दार उघडायला, ‘झो वेन’ विषाची बाटली, ‘झो ब्रो रा’ मानाचं पोशन, ‘झो काथ रा’ प्लाझ्मा.

खेळात यातले बरेच मंत्र तळघरातल्या गुंडाळ्यांवर एकेक करून सापडतात. यादी समोर असली तरी गुंडाळ्या वाचत चला. कोणता मंत्र कुठे देऊन ठेवलाय यावरून पुढे काय येणार आहे याचा अंदाज बांधता येतो.

मंत्राला नेमकी किती माना लागते?

हिशेब सरळ आहे. शक्तीच्या चिन्हाला लो ते मॉन अनुक्रमे 1 ते 6 माना. बाकी चिन्हांची लोच्या जोरावरची मूळ किंमत अशी:

या 2, वी 3, ओह 4, फुल 5, देस 6, झो 7
वेन 4, यू 5, काथ 6, इर 7, ब्रो 7, गोर 9
कू 2, रोस 2, डेन 3, नेटा 4, रा 6, सार 7

शक्ती वाढवली की या मूळ किमतीला गुणायचं: उमला दीडने, ऑनला दोनने, ईला अडीचने, पालला तीनने, मॉनला साडेतीनने. गुणाकार प्रत्येक चिन्हाचा वेगळा करायचा आणि अपूर्णांक सोडून द्यायचा.

फायरबॉल घेऊन बघा. ‘लो फुल इर’ म्हणजे 1 + 5 + 7 = 13. ‘उम फुल इर’मध्ये फुलचे साडेसातचे 7 झाले, इरचे साडेदहाचे 10, वर उमचे 2, एकूण 19. त्याच रीतीने ऑनला 27, ईला 33, पालला 41 आणि मॉनला 47. विजेचा मंत्र चार चिन्हांचा असल्यामुळे लोलाच 17 पडतो आणि मॉनला 62. आरोग्याचं पोशन मात्र फारच स्वस्त आहे: ‘लो वी’ 4, ‘मॉन वी’ 16.

माना केव्हा कापली जाते? मंत्र फेकल्यावर?

नाही, आणि हे कळणं फार महत्त्वाचं आहे. माना चिन्ह निवडल्या क्षणी कापली जाते, एकेका चिन्हाची वेगळी. चुकीचं चिन्ह दाबून मागच्या बाणाने पुसलंत तर चिन्ह जातं, माना परत येत नाही.

पण याच नियमाचा मोठा फायदा आहे. तुमच्या जादूगाराची कमाल माना 20 असली तरी तो 27 चा ‘ऑन फुल इर’ फेकू शकतो. ऑन आणि फुल निवडा, 13 गेले, थोडं थांबा. माना भरली की इर निवडा, त्याचे 14. एका वेळी एवढंच बघायचं की पुढच्या चिन्हापुरती माना हातात आहे.

प्रत्येक व्यक्तीची निवडलेली चिन्हं तशीच राहतात, तुम्ही दुसऱ्याकडे वळलात तरी. म्हणून जाणकार खेळाडू दार उघडण्याआधी चौघांची चिन्हं लावून ठेवतात, मग झोप काढून माना पुन्हा भरतात, आणि मग दार उघडतात. लढाईत फक्त मंत्राच्या ओळीवर क्लिक करायचं उरतं. चिन्हं शोधत बसण्यात जे दोन-तीन सेकंद जातात तेवढ्यात पुढच्या रांगेतला माणूस मरतो.

चिन्हं बरोबर आहेत, तरी मंत्र फसतो. का?

संदेश नीट वाचा. तीन वेगळे संदेश आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

‘निरर्थक’ असं आलं तर जुळणीच चुकीची आहे.

‘रिकामी बाटली हातात हवी’ असं आलं तर पोशनचा मंत्र आहे आणि बाटली जागेवर नाही. बाटली पाठपिशवीत असून चालत नाही, ती मंत्र म्हणणाऱ्याच्याच हातात हवी. शेजाऱ्याच्या हातातली चालत नाही. कारंज्यावर भरलेली पाण्याची बाटलीही रिकामी धरली जात नाही. आधी ते पाणी पिऊन टाका.

‘आणखी सराव हवा’ असं आलं तर कौशल्य कमी पडतंय. प्रत्येक मंत्राला मुळात काही पातळी लागते आणि शक्तीच्या प्रत्येक पायरीला ती एकाने वाढते. म्हणजे ‘लो फुल इर’ जमतो म्हणून ‘मॉन फुल इर’ जमेलच असं नाही. जितक्या पातळ्या कमी, तितक्या वेळा खेळ आतल्या आत फासा टाकतो, आणि त्या प्रत्येक फाशात शहाणपण जास्त असणाऱ्याची बाजू थोडी भक्कम असते. अशा फसलेल्या मंत्रालाही थोडा अनुभव मिळतो, त्यामुळे तो अगदीच वाया जात नाही. इलाज एकच: शक्ती एक-दोन पायऱ्या उतरवा आणि तिथून चढा.

सराव कसा करावा?

पोशनं आणि कवचं पुजाऱ्याच्या कौशल्याच्या खात्यात जातात, आग, वीज, उजेड वगैरे जादूगाराच्या. जादूगारीच्या पोटात आग, हवा, पृथ्वी, पाणी अशी चार उपकौशल्यं आहेत, जी पडद्यावर कुठेही दिसत नाहीत. म्हणून नुसते फायरबॉल फेकत राहिलात तर विजेच्या मंत्राला त्याचा पूर्ण उपयोग होत नाही.

पुजाऱ्याचा सराव सगळ्यात सोपा: रिकामी बाटली हातात, ‘लो वी’ म्हणा, पिऊन टाका, पुन्हा म्हणा. 4 मानाला एक पोशन. जमायला लागलं की उम, मग ऑन. जादूगारासाठी एकटं फुल बरं, लोला 6 माना आणि उजेड तर लागतोच. शक्ती वाढवली की अनुभवही वाढतो. खोल मजल्यांवर तोच मंत्र जास्त अनुभव देतो, तेव्हा पहिल्याच मजल्यावर तासन्‌तास बसू नका.

माना झोपेत लवकर भरते. पण झोपेत अन्नपाणी खर्च होतं, आणि माना भरताना दमसासही खर्च होतो. एखाद्याचा दमसास संपत आला तर त्याला आधी ‘या’चं पोशन पाजा.

‘लो मास्टर’ म्हणजे काय? ते चिन्ह आहे का?

ती कौशल्याची पायरी आहे. एकूण पंधरा पायऱ्या आहेत. खालच्या आठांना साधी नावं आहेत, नवव्यापासून चौदाव्यापर्यंत लो मास्टर, उम मास्टर असं करत मॉन मास्टर, आणि पंधरावी आर्चमास्टर. शक्तीची चिन्हं तीच, फक्त इथे माणसाची उंची सांगायला वापरली आहेत.

बाटलीवर ‘ई’ लिहिलंय, पण ई तर नुसतं शक्तीचं चिन्ह आहे?

इथे बरेच जण गोंधळतात. पोशनचं नाव आणि ते बनवायचा मंत्र एकच असतो असं नाही. ‘ई पोशन’ हे मानाचं आहे, बनवायचं ‘झो ब्रो रा’ने. ‘या पोशन’ हे कवचाचं आहे, बनवायचं ‘या ब्रो’ने. एकट्या ‘या’ने बनतं ते दमसासाचं, वेगळं. वीच्या बाबतीत मात्र नाव आणि मंत्र जुळतात. ‘फुल बॉम्ब’ सापडतो, बनवता येत नाही.

मानाच्या पोशनबद्दल आणखी एक: बनवायला जितकी माना जाते त्यापेक्षा कमी परत मिळते. ‘लो झो ब्रो रा’लाच 21 लागतात. ते मोकळ्या वेळात बनवून संकटासाठी ठेवायचं पोशन आहे. कू, रोस, डेन, नेटा या चौघांचा परिणाम हळूहळू उतरतो, कायम टिकत नाही.

फायरबॉल फेकला आणि आपलीच माणसं भाजली. असं का?

समोर लगेच भिंत किंवा बंद दार होतं. गोळ्याला पुढे जायला जागाच नसेल तर तो तुमच्याच चौकोनात फुटतो. निदान एक चौकोन मोकळा असल्याशिवाय ‘फुल इर’ किंवा ‘ओह काथ रा’ म्हणू नका. ‘ओह वेन’चा ढग तर फुटल्यावरही काही काळ तिथेच रेंगाळतो. फेकल्यावर मागे सरका, पुढे जाऊ नका. लाकडी दार फायरबॉलने फुटू शकतं, पण ते दुरून फोडा.

झोने काही दारं उघडतात, काही नाही.

ज्या दाराच्या चौकटीवर बटण आहे तेच झोने उघडतं, आणि उघडं असेल तर बंदही होतं. किल्ली किंवा दूरच्या खटक्यावर चालणाऱ्या दारावर झो वाया जातो. जवळच्या दाराला ‘लो झो’ पुरे, 8 माना. ‘मॉन झो’ला 30 जातात आणि दार काही जास्त उघडत नाही. खरी मजा दुरून वापरण्यात आहे: राक्षस दाराखाली आला की झोने दार त्याच्या डोक्यावर पाडायचं.

‘देस यू’ कशावरच लागत नाही, तो बिनकामाचा आहे का?

तो फक्त अशरीरी प्राण्यांसाठी आहे, भुतं आणि त्यांच्यासारखे. हाडामांसाच्या राक्षसाला त्याने ओरखडाही येत नाही. उलट भुतावर साधी तलवार चालत नाही, तिथे हा मंत्र किंवा व्होर्पल ब्लेडसारखं शस्त्र हवं. मंत्र चांगला आहे, वापरायची जागा ओळखायला हवी.

हाल्कला मंत्र शिकवता येतील का?

हाल्क हा पार्टीत घेता येणारा एक वीर, तो सुरुवातीला शून्य माना घेऊन येतो. लो निवडायलाही एक माना लागते, म्हणून त्याचं गाडं सुरूच होत नाही. माना वाढवणारी एखादी जादूची काठी त्याच्या हातात दिली की ‘लो या’पासून, म्हणजे 3 मानापासून, सुरुवात करता येते. पुजारी किंवा जादूगार म्हणून एकेक पायरी चढला की त्याची स्वतःची माना वाढत जाते. मेहनत बरीच आहे, पण चौघांनाही स्वतःचं आरोग्याचं पोशन बनवता येणं शेवटच्या मजल्यांवर जीव वाचवतं.

‘झो काथ रा’ केला, हातात एक चमकता गोळा आला. त्याचं काय करू?

तो अखेरच्या टप्प्यासाठी आहे. फायरस्टाफ, म्हणजे शेवटी लागणारी जादूची काठी, पूर्ण करायला लागणारं पॉवर जेम हे रत्न खडकात अडकलेलं असतं, ते सोडवायला हा प्लाझ्मा लागतो. ‘लो झो काथ रा’ला 20 माना पुरतात. रत्न मोकळं झालं की फायरस्टाफ त्याला लावायचा. त्यापुढे खेळातला खलनायक लॉर्ड केऑस याला घेरणं आणि एकरूप करणं ही कामं चिन्हांनी होत नाहीत, ती फायरस्टाफ हातात असताना शस्त्राच्या क्रियांमधून निवडायची असतात. तिथे मंत्रांची ओळ उघडून शोधत बसू नका.

हीच चिन्हं दुसऱ्या खेळांत चालतात का?

1989 च्या केऑस स्ट्राइक्स बॅकमध्ये चालतात, तिथे तर ती येतात असं धरूनच सगळं रचलंय. 2012 च्या लेजंड ऑफ ग्रिमरॉकवर डंजन मास्टरची छाप उघड दिसते, पण त्याची चिन्हं वेगळी आहेत. तीन गुणिले तीनच्या चौकटीतून नऊपैकी निवडायची असतात, आणि इथला एकही मंत्र तिथे लागू पडत नाही.